डॅलरिंपलांचं घराणं (भाग ७) : जॅनेटचं लग्न

गेल्या आठवड्यात न्यायमूर्ती जेम्स डॅलरिंपलच्या थोरल्या मुलाला, जॉनला, ग्लेन्कोच्या हत्याकांडाच्या हुकुमापाशी आणून सोडलं होतं. त्याला अजून आठवडाभर तिथेच थांबावं लागेल, कारण एका पत्राने माझा आवडता विषय उकरून काढला आहे.

पत्रातला पहिला प्रश्न सोपा आहे. दिल्लीत राहून मोगलांवर आणि कंपनी सरकारवर लिहिणारे विल्यम डॅलरिंपल याच घराण्यातले का? हो. न्यायमूर्ती जेम्सचा तिसरा मुलगा ह्यू १६९८ मध्ये बापाच्याच खुर्चीवर, स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशन या न्यायालयाच्या अध्यक्षपदी बसला. त्याच्या नॉर्थ बेरिकच्या शाखेतले ते.

दुसरा प्रश्न असा, की वॉल्टर स्कॉटच्या 'ब्राइड ऑफ लॅमरमूर' या कादंबरीतली नवरी खरंच होऊन गेली का? होऊन गेली, पण लॅमरमूरच्या डोंगरात नव्हे. ती स्कॉटलंडच्या पार नैऋत्य टोकाला, विगटनशरमध्ये राहायची. नाव जॅनेट, न्यायमूर्ती जेम्स आणि त्याची बायको मार्गरेट रॉस यांची मुलगी.

कथा अशी सांगतात : जॅनेटने लॉर्ड रदरफर्डला चोरून वचन दिलं, सोन्याचं नाणं मोडून दोघांनी अर्धं-अर्धं ठेवलं. आईला बाल्डूनचा डेव्हिड डनबार जावई हवा होता. तिने बायबल उघडलं आणि बापाने नामंजूर केलेला मुलीचा नवस बांधील नसतो, हे वचन रदरफर्डसमोर ठेवलं. लग्न लागलं. रात्री खोलीतून किंकाळी आली, दार फोडलं तर नवरा रक्ताच्या थारोळ्यात आणि नवरी कोपऱ्यात वेडीपिशी. सुरी कुणी चालवली यावर मात्र एकमत नाही. कुणी म्हणतं तिने, कुणी म्हणतं नवऱ्यानेच तिला भोसकलं, कुणी खिडकीतून पळालेल्या रदरफर्डला पुढे करतं.

आता तारखा पाहा. कर्किनरचे पाद्री अँड्र्यू सिम्सन यांनी तिच्यावर विलापिका लिहिली आणि तारखाही नोंदवून ठेवल्या : लग्न १२ ऑगस्ट १६६९, सासरी आणलं २४ ऑगस्टला, मृत्यू १२ सप्टेंबर, दफन ३० सप्टेंबर. म्हणजे लग्नानंतर बारा दिवसांनी ती वाजतगाजत बाल्डूनला गेली. पहिल्याच रात्री रक्तपात झाला असता, तर ही वरात कशी निघाली असती? मला तरी ती सुरी पटत नाही. मुलगी मनाविरुद्ध उजवली गेली आणि महिन्याभरात गेली, एवढं मात्र पटतं, आणि तेवढंही कमी भयंकर नाही.

खरी गंमत बापाची. बारा वर्षांनी, १६८१ मध्ये, त्याचा 'इन्स्टिट्यूशन्स' हा ग्रंथ छापला गेला. स्कॉटिश कायद्याचा पाया म्हणून तो आजही उघडला जातो. त्यात त्याने स्वच्छ लिहिलं, की लग्न होतं ते वधूवरांच्या त्या घडीच्या संमतीने. पुढे लग्न करीन हे नुसतं वचन म्हणजे लग्न नव्हे. रदरफर्डच्या हातातलं अर्धं नाणं कायद्याच्या तराजूत साखरपुड्याइतकंच भरलं असतं. मार्गरेटबाईंना बायबल चाळायची गरजच नव्हती, नवऱ्याला विचारलं असतं तरी भागलं असतं. बोहल्यावर उभ्या जॅनेटची 'संमती' मात्र कुठल्या तराजूत घालायची?

मार्गरेटबाईंना चेटकीण ठरवायला लोकांनी उशीर लावला नाही. बाल्नीलची जमीन त्यांच्या माहेरून आलेली, घरात शब्द त्यांचा. नवरा न्यायाधीश, मुलगे एकापाठोपाठ एक पदांवर चढणारे. अशा घरावर उघड वार करता येत नाही, म्हणून विरोधकांनी उपहासाची पद्यं रचली. त्यांत न्यायमूर्तींची वाकडी मानसुद्धा सुटली नाही. स्कॉटपर्यंत कथा आली ती नवरीच्या कुटुंबाशी जवळचं नातं असलेल्या त्याच्याच आप्तांकडून. कादंबरी १८१९ ची. १८३५ मध्ये दोनिझेत्तीने नेपल्समध्ये तिची ऑपेरा केली आणि विगटनशरची जॅनेट जगभर लुचिया म्हणून मरू लागली.

आणि नवरदेव? तो १६७४ मध्ये एग्लिंटनच्या अर्लची मुलगी एलेनर हिच्याशी पुन्हा बोहल्यावर चढला, १६८२ मध्ये लीथहून होलीरूडकडे जाताना घोड्यावरून पडून वारला. त्यांची मुलगी मेरी बाल्डूनची वारस. तिने हॅमिल्टन घराण्यात लग्न केलं आणि ज्या जमिनीसाठी एवढा आटापिटा झाला, ती तिकडे गेली. डॅलरिंपलांच्या हाती त्यातलं काहीच लागलं नाही. जॉनचं पुढच्या वेळी, नक्की.