नकाशावर ग्राहक गायब? आधी लेयरची हद्द तपासा!



डिलिव्हरीचा नकाशा क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कसा बनवायचा, ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्यातली एकच गोष्ट नीट समजून घेऊ: लेयरची हद्द, म्हणजे एक्स्टेंट.

हद्द म्हणजे काय?
तुमच्या सगळ्या ग्राहकांचे बिंदू ज्या लहानात लहान चौकटीत मावतात, ती चौकट. समजा, तुम्ही आकुर्डीतून तळवडे, भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांत डबे पोचवता. 200 ग्राहकांची ठिकाणं पोस्टजीआयएस डेटाबेसमध्ये आहेत. मग चौकट साधारण रेखांश 73.7 ते 73.9 आणि अक्षांश 18.6 ते 18.8 अशी हवी.

घोळ कुठे होतो?
गूगल मॅप्सवरून कॉपी केलेल्या आकड्यांत अक्षांश आधी येतो. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू बनवताना मात्र रेखांश आधी द्यायचा असतो. एकाच ग्राहकाचे आकडे उलटे भरले, की आकुर्डीचा ग्राहक थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! तिथे डबा कोण पोचवणार? मग 'झूम टू लेयर' दाबलं की चौकट नॉर्वेपासून पुण्यापर्यंत ताणली जाते आणि बाकीचे 199 ग्राहक एका ठिपक्यात जमा होतात. वाटतं, डेटाच उडाला. घाबरून तीच फाइल परत भरली, तर नोंदी दुप्पट होतात. आणि अशा नकाशावरून अंतर काढून दर ठरवला, तर पेट्रोलचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

काय करायचं?

1. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इन्फर्मेशन' उघडा आणि हद्दीचे चार आकडे वाचा.
2. चौकटीबाहेरच्या नोंदी शोधा. उलट्या नोंदी 'एसटी_फ्लिपकोऑर्डिनेट्स' या फंक्शनने सरळ होतात. फक्त त्याच नोंदींवर वापरा, नाहीतर बरोबर असलेल्या उलट्या होतील! जिथे 0, 0 भरलंय, तिथे ग्राहकाला फोन करून लोकेशन मागवा.
3. मग 'सोर्स' टॅबमधलं 'अपडेट एक्स्टेंट्स' दाबा.

एक टिक जपून
डेटाबेस जोडताना 'यूज एस्टिमेटेड टेबल मेटाडेटा' असा पर्याय दिसतो. तो लावला तर सॉफ्टवेअर सगळ्या नोंदी न तपासता डेटाबेसच्या जुन्या आकडेवारीवरून हद्दीचा अंदाज घेतं. लाखो नोंदी असतील तर त्याने वेळ वाचतो. पण नवीन ग्राहक त्या अंदाजात नसू शकतात. तुमच्या 200 नोंदींची खरी हद्द क्षणात निघते, म्हणून ही टिक काढूनच ठेवा.

आजचा गृहपाठ
टेबललाच अट घाला: रेखांश 73 ते 75, अक्षांश 18 ते 19. याबाहेरचा आकडा डेटाबेस स्वीकारणारच नाही. दुकानाला कुलूप लावतो ना आपण? तसंच डेटालाही लावा!