मद्यमुक्तीची सभा व पाळकाचे साहाय्य

भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळील गाणगापूर हे दत्तसंप्रदायाचे प्रसिद्ध क्षेत्र होय. महाराष्ट्रातून व सीमाभागातून अनेक मराठी कुटुंबे तेथे जातात आणि मनोव्याधीने किंवा 'बाधे'ने पीडलेल्या आप्तांनाही बरोबर नेतात. त्या श्रद्धेचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परंतु जी व्याधी घरच्यांच्या शक्तीपलीकडे गेली, तिच्यासाठी रोगी स्वतः होऊन निघत नाही, कोणीतरी त्याचा हात धरून त्याला नेतो, ही गोष्ट आपण तेथून शिकण्याजोगी आहे. मद्यासक्ती ही अशीच व्याधी आहे. कर्नाटकात २००७ साली अरकावर बंदी आली. तरी मद्यासक्ताच्या घरातील दुःख कायद्याने सरले नाही, हे या भागातील पाळकांस व धर्मशिक्षकांस सांगावयास नको.

अशा मनुष्यास आपण बहुधा उपदेश करतो आणि जन्मभर न पिण्याची शपथ घालतो. ती मोडली की लज्जेने तो उपासनेस येईनासा होतो; म्हणजे दारूही सुटत नाही आणि मंडळीही तुटते. यासाठी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', संक्षेपाने ए. ए., या बंधुसंघाच्या सभेची ओळख आपणांस असावी असे आम्हांस वाटते.

या संघाच्या उगमाशीच एका पाळकाचा संबंध आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन हा गृहस्थ धंद्यात अपयश येऊन एका हॉटेलात उभा होता. त्याची दारू सुटून काही महिनेच झाले होते. मद्यगृहाकडे पाय वळू लागताच त्याने तेथील चर्चांच्या यादीतून एक नाव निवडून रेव्हरंड वॉल्टर टंक्स यांना दूरध्वनी केला. बोलावयास दुसरा एखादा मद्यासक्त हवा, ही त्याची विचित्र मागणी टंक्स यांनी झिडकारली नाही. काही नावे दिली. त्यांतूनच त्याची व डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉ. बॉब यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस म्हणून १० जून १९३५ हा संघाचा स्थापनादिन मानला जातो. टंक्स यांनी प्रवचन केले नाही, वाट दाखविली. आपल्याकडूनही प्रथम एवढेच अपेक्षित आहे.

सभेत काय घडते? प्रत्येक जण केवळ आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहो असे कबूल करतो आणि स्वतःचा अनुभव कथन करतो. इतर ऐकतात, मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. बोलण्याची सक्ती नसते. जन्माची शपथ नसते. आजचा एक दिवस न पिण्याचा निश्चय असतो. वर्गणी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बाहेरची देणगी संघ स्वीकारीत नाही. म्हणून सभेस खोली दिल्यास अल्पसे भाडे घेणेच त्यांना रुचते. खुल्या सभेस पाळक किंवा नातेवाईक बसू शकतात. बंद सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. तेथे ऐकलेले व्यासपीठावरूनच काय, प्रार्थनेच्या निमित्तानेही उच्चारू नये. कुटुंबीयांसाठी १९५१ साली सुरू झालेला 'अल्-अॅनॉन' हा निराळा संघ आहे. पत्नीस त्याची माहिती अवश्य द्यावी.

सभेचा शोध कसा करावा? संघाच्या मुंबई येथील सेवा-कार्यालयाकडे, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात अथवा शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करावी. सभेचा वार, वेळ व भाषा आधी विचारून घ्यावी. या भागात कन्नड, मराठी, उर्दू यांचा प्रश्न लहान नाही. पहिल्या वेळी सोबत जावे आणि बंद सभा असल्यास बाहेर थांबावे. जवळ सभा नसेल तर निराश होऊ नये. संघाच्या परंपरेप्रमाणे दोघे-तिघे मद्यासक्त मद्यमुक्तीसाठी जमले तरी समूह होतो. मत्तय १८:२० जाणणाऱ्यांस हे परके वाटू नये.

एक गंभीर सूचना. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. त्याला कोंडून ठेवून प्रार्थना करीत बसू नये. प्रथम वैद्यास दाखवावे. सभा ही औषधोपचाराची जागा घेत नाही.

काही पाळकबंधू विचारतात की, 'ज्या रूपात आम्हांस उमजला तो देव' असे म्हणणाऱ्या संघाकडे आपले लोक पाठवावेत काय? या संघाची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत; पापकबुली, नुकसानभरपाई, बंधुसेवा हे त्याचे घटक आपल्या परिचयाचे आहेत. पुढे शब्द व्यापक केले ते कोणताही पीडित दारातून परत जाऊ नये म्हणून. आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' स्थापून ए. ए.च्या पायऱ्यांस योगाभ्यासाची जोड दिली. त्यामुळे त्यांच्या याजकपदास बाध आला नाही.

सभा मंडळीची जागा घेत नाही. मंडळीनेही सभेची घेऊ नये. तेथून परतणाऱ्यास मात्र आपल्या बाकावर जागा असली पाहिजे, आणि प्रभुभोजनात न आंबविलेला द्राक्षरस देता येत असेल तर तोच द्यावा. तो पुन्हा घसरला तर 'मी सांगितलेच होते' असे न म्हणता पुढील सभेचा वार कोणता, एवढे त्याला विचारावे.