मधुमेह आणि मूत्रपिंड : पेशींतील ऊर्जा घटते तेव्हा

भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या साधारण तिघांपैकी एकाच्या मूत्रपिंडांवर पुढे त्याचा परिणाम होऊ शकतो. सुरुवातीला काही दुखत नाही, सूजही येत नाही. म्हणून 'मला त्रास नाही' या भरवशावर तपासणी टाळू नये.

मूत्रपिंडांना इतकी ऊर्जा का लागते?

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी व क्षार आणि जवळजवळ सर्व साखर रक्तात परत घेतली जाते. लघवीवाटे केवळ दीड ते दोन लिटर द्रव बाहेर पडतो. हे काम मूत्रनलिकांच्या पेशी अहोरात्र करतात. त्यासाठीची ऊर्जा पेशींतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण करतात.

मधुमेहात काय बिघडते?

रक्तातील साखर वाढली की गाळलेल्या द्रवातील साखरही वाढते. ती परत घेताना नलिकांचे श्रम वाढतात व त्यांना अधिक प्राणवायू लागतो. या ताणाखाली तंतुकणिकांतून पेशीला इजा करणारे घातक घटक अधिक प्रमाणात निर्माण होतात. तंतुकणिकांचे तुकडे होतात, निकामी तंतुकणिका वेळेवर दूर केल्या जात नाहीत आणि ऊर्जा कमी पडू लागते. गाळणीच्या नाजूक पेशी दुबळ्या होऊन अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपते. पुढे मूत्रपिंडात व्रणासारखे कठीण ऊतक तयार होते; ते पूर्ववत होत नाही. तंतुकणिकांचा बिघाड हे या आजाराचे एक कारण आहे. उच्च रक्तदाबामुळे हानी अधिक वेगाने होते.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

• लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर : 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असावे. साध्या लघवी तपासणीत अल्प अल्ब्युमिन निसटू शकते. ताप, जंतुसंसर्ग किंवा जास्त व्यायाम यांमुळेही ते तात्पुरते वाढते. म्हणून वाढ आढळल्यास तपासणी पुन्हा करावी.
• रक्तातील क्रिएटिनिन : त्यावरून गाळण्याचा वेग काढतात. तो तीन महिने किंवा अधिक काळ 60 पेक्षा कमी राहिल्यास मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार मानतात.

टाइप 2 मधुमेहात निदान होताच आणि टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करून, दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात.

मूत्रपिंडे कशी जपावीत?

• साखर व रक्तदाब डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवावा.
• दिवसभरात मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी घ्यावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्यात मोजावे.
• तंबाखू व धूम्रपान सोडावे.
• वेदनाशामक गोळ्या, भस्मे किंवा अनोळखी जडीबुटी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.
• काही औषधे नलिकांवरील साखरेचा भार कमी करतात, तर काही गाळणीवरील दाब. ती आपल्याला योग्य आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. सुरू असलेले औषध परस्पर बंद करू नये.

30 वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेह व रक्तदाब तपासून घ्यावा. चेहऱ्यावर वा पायांवर सूज, फेसाळ लघवी किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास वार्षिक तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.