लॉर्ड्सवरचे दोन शनिवार

२५ जून म्हटलं की १९८३ मधला लॉर्ड्सवरचा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवतो. पण याच तारखेला, याच लॉर्ड्सवर, ५१ वर्षं आधी भारताच्या कसोटी क्रिकेटचा श्रीगणेशा झाला होता. वारही तोच, शनिवार.

१९३२ सालच्या त्या संघाचे कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू. इंग्लंडकडून सलामीला आले सटक्लिफ आणि होम्स. याच जोडीने जेमतेम दहा दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी दिली होती! मोहम्मद निसारने दोघांचेही त्रिफळे उडवले. मग वूली धावबाद झाला आणि फलकावर ३ बाद १९ लागले. सामना भारताने १५८ धावांनी गमावला, हे खरं. पण निसारने त्या डावात पाच बळी घेतले होते.

फुटबॉलमध्ये ही तारीख बदनामही झाली. १९८२ च्या विश्वचषकात, स्पेनमधल्या खिखोन इथे, पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. १-० हा निकाल दोघांनाही पुढच्या फेरीत नेणारा होता. मग उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरला आणि जर्मनीला हरवणारा अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले.

वर्षभराने पुन्हा लॉर्ड्स, वेस्ट इंडीजविरुद्धचा तो अंतिम सामना. भारत ९ बाद १६१. अकराव्या क्रमांकावर आलेला मुंबईचा बलविंदरसिंग संधू. मार्शलचा बाउन्सर त्याच्या हेल्मेटवर आदळला, तरी तो हटला नाही. किरमाणीसोबत त्याने २२ धावा जोडल्या आणि भारत १८३ पर्यंत पोहोचला.

मग नवा चेंडू त्याच्याच हाती आला. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडला. चेंडू बाहेर जाणार, असं धरून ग्रिनिजने बॅट वर उचलली. चेंडू झपकन आत वळला आणि स्टंपवर आदळला. विंडीज १ बाद ५.

कपिलने मागे धावत घेतलेला रिचर्ड्सचा झेल सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पण भारताच्या विजयाची पहिली चाहूल संधूच्या या चेंडूने दिली, हे आवर्जून सांगायला हवं. रिचर्ड्स बाद झाला तेव्हा ५७ वर तिसरा गडी पडला होता. ७६ वर सहावा गेला. मधल्या फळीतला ड्युजाँ चिवटपणे उभा राहिला. त्याला मोहिंदर अमरनाथने त्रिफळाचीत केलं, आणि शेवटी होल्डिंगला पायचीतही त्यानेच पकडलं. विंडीज सर्वबाद १४०. प्रेक्षक मैदानात घुसले, आणि खेळाडू जीव घेऊन पॅव्हेलियनकडे धावत सुटले.