पोरगं झाडावरून पडलं, अंगावर खरचटलेलंही नाही. तरी पोट बघा

आपल्या राजूर परिसरात आंबा-जांभळाच्या दिवसांत पोरं झाडावर असतात आणि घोटी-कोल्हार रस्त्यावर सायकली दामटतात. म्हणून हे लिहितोय.

मोठ्या माणसाच्या यकृताला मार बसला तर अनेकदा उजव्या बरगड्याही मोडलेल्या सापडतात. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या वाकतात, पुन्हा जागेवर येतात, मात्र आतलं यकृत फाटलेलं असू शकतं. शिवाय लहानपणी यकृत शरीराच्या मानाने मोठं, बरगड्यांखाली डोकावणारं, आणि पोटाचे स्नायू पातळ. सायकलच्या हँडलचं टोक पोटात घुसलं, की वर फक्त एक गोल वळ दिसतो.

सगळ्यात फसवं असतं ते बीपी. २० किलोच्या मुलात रक्त जेमतेम दीड लिटर. त्यातला पाव भाग गेला तरी बीपी नॉर्मल राहू शकतं. आधी नाडी धावते, हातपाय गार पडतात. उजवा खांदा दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हळदीचं दूधसुद्धा देऊ नका, १०८ लावा, ग्रामीण रुग्णालय गाठा. सीटी स्कॅनसाठी पुढे संगमनेर-नाशिकला पाठवलं तर वेळ घालवू नका.

दिलासा असा, की बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही. आधी हे प्लीहेच्या बाबतीत कळलं. १९६८ मध्ये टोरांटोहून डॉ. उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी ते मांडलं. घरी आल्यावर मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे कबड्डी, सायकल, झाड, सगळं बंद.