भिंतीपलीकडचे झुरळ

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले गेले. अंबरनाथला १९२० च्या दशकात काडेपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. पुढे रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने आले. शहाडला रेयॉनचा धागा निघू लागला. कारखान्यांच्या मागोमाग कामगारांच्या चाळी उठल्या.

या जुन्या घरांत एक गोष्ट सारखी आढळते. भिंत सामाईक, गटार सामाईक आणि पुष्कळदा छप्परही सामाईक. माणसांनी बराकीच्या प्रत्येक खोलीला निराळा नंबर दिला आहे. झुरळाला, ढेकणाला आणि उंदराला मात्र हे नंबर वाचता येत नाहीत. त्यांच्या दृष्टीने सगळी बराक म्हणजे एकच लांबलचक घर. त्यांचा बंदोबस्त करायचा तर आपल्यालाही तसाच विचार करावा लागतो. तो कसा, ते आता पाहू.

फवारा मारला, तरी झुरळे आली कशी?

दुकानातून आणलेला फवारा मारला की दहा-वीस झुरळे उलटी पडतात आणि आपल्याला वाटते, काम झाले. महिन्याभरात पुन्हा तेच. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की फवाऱ्यातील अनेक औषधांचा वास व स्पर्श झुरळांना नकोसा वाटतो. जी मरत नाहीत, ती भिंतीतील फटीतून किंवा मोरीच्या नळातून शेजारी जातात. शेजाऱ्यांनी फवारा मारला की तीच आपल्याकडे परत येतात!

दुसरे कारण अंड्यांचे. झुरळाची मादी अंडी सुटी घालत नाही. ती एका टणक डबीत भरलेली असतात. स्वयंपाकघरातील लहान पिंगट झुरळाच्या डबीत ३० ते ४० अंडी असतात आणि पिले निघेपर्यंत मादी ती डबी पोटाशी धरून हिंडते. गटारातील मोठ्या तांबूस झुरळाच्या डबीत १४ ते १६ अंडी असतात. ती डबी मादी एखाद्या कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. औषध या डबीच्या आत सहसा पोहोचत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हजार झुरळांत दोन-चार अशी असतात की त्यांना ते विष पचते. बाकीची मेल्यावर ही दोन-चारच उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या दोन वर्षे आधीच, १९४६ साली, डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या स्वीडनमध्ये आढळल्या होत्या.

भिंतीतून जाणारे विष

फवारा चालेना म्हणून काही लोक धान्याच्या कोठारात वापरायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी घरात ठेवतात. हे अतिशय धोक्याचे आहे. या गोळ्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या ओलाव्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन फॉस्फिन नावाचा वायू बाहेर पडतो. पावसाळ्यात हवेत ओलावा कमी नसतो, हे सांगायला नकोच. ज्या फटीतून झुरळ जाते, त्या फटीतून वायूही जातो. गोळ्या एका खोलीत ठेवलेल्या आणि बळी गेले ते शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांचे, अशा दुर्घटना आपल्या देशात घडल्या आहेत. फॉस्फिनवर उतारा नाही. या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. शेजारी कोणी वापरत असल्याचे कळले तर मोठ्या माणसांना लगेच सांगा.

अन्न, पाणी आणि आडोसा

मग करायचे काय? कोणत्याही जीवाला जगायला तीन गोष्टी लागतात: अन्न, पाणी आणि आडोसा. त्या काढून घेतल्या की त्याची संख्या आपोआप घटते. नैसर्गिक बंदोबस्ताचे सारे सूत्र एवढेच.

झुरळ अन्नावाचून अनेक दिवस, कधी महिनाभरही काढते. पण पाण्यावाचून त्याला एक-दोन आठवड्यांपलीकडे जगणे कठीण जाते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी खरकटी भांडी घासणे जितके गरजेचे, त्याहून मोरी आणि ओटा कोरडा पुसणे अधिक गरजेचे. गळणारा नळ म्हणजे झुरळांची पाणपोईच. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. भिंतीतील फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. रद्दी आणि खोके फार दिवस साठवू नका.

ढेकूण कोरड्या मोरीला दाद देत नाही. त्याचे अन्न म्हणजे आपले रक्त. पण उष्णता त्याला सोसत नाही. सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानात ढेकूण आणि त्याची अंडी काही मिनिटांत मरतात. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची जुनी पद्धत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. हे काम मात्र मोठ्या माणसांनीच करावे. गादी नुसती उन्हात टाकली तर वरचा थर तापतो आणि ढेकूण आत सरकतात. तेव्हा चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवावेत आणि गादीच्या शिवणी तपासाव्यात.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. कडुलिंबाचा पाला धान्यात घातला तर किडीला आळा बसतो, हे खरे. पण त्याच पाल्याचा धूर बंद खोलीत केला तर डासांबरोबर आपलीही छाती भरते. झुरळांसाठी कणीक, साखर आणि बोरिक पावडर यांच्या गोळ्या करतात. त्या उपयोगी आहेत, तरी लहान मुलांच्या पोटात गेल्या तर अपाय होतो. त्या ओट्याच्या मागे, हात पोहोचणार नाही अशाच जागी ठेवाव्यात.

रात्रपाळीचे कामगार

कारखान्यात जशी रात्रपाळी असते, तशी आपल्या घरातही असते. दिव्याजवळची पाल रात्रभर डास, पाकोळ्या आणि झुरळांची पिले टिपते. घरातील पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेतून रोगजंतू येऊ शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवावे, एवढेच. जाळे न विणता भिंतीवर धावणारा चपटा, मोठा कोळी झुरळांची शिकार करतो. माशीएवढा एक काळाभोर कीटकही तुम्ही पाहिला असेल. आपले इवलेसे पोट तो झेंड्यासारखे वरखाली हलवीत असतो. ही गांधीलमाशीच्या कुळातील माशी आहे. ती आपले अंडे झुरळाच्या अंड्यांच्या डबीत घालते आणि तिची अळी त्या डबीतील अंडी फस्त करते. फवाऱ्याला जे जमत नाही, ते काम ती फुकट करते! ती दिसली तर मारू नका.

जुन्या इमारतींच्या वळचणीला राहणारे गव्हाणी घुबड उंदरांवर जगते. त्याला अशुभ समजून हुसकावणे म्हणजे आपल्या पहारेकऱ्याला काढून टाकणे होय. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर ते विष घुबडालाही बाधते, हेही विसरू नये.

पिंपाच्या काठावरची अंडी

नळाला पाणी ठराविक वेळीच येते, तेथे घरोघर पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात.

पण पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, ओलसर काठावर चिकटवते. ही अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात आणि पाणी पुन्हा त्यांच्यापर्यंत चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून काठ काथ्याने घासून धुवा, मग पिंप वाळवा आणि भरल्यावर घट्ट झाका. वापरात नसलेल्या हौदांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडले तर ते अळ्या खातात. मात्र हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेचे आहेत. ते उल्हास किंवा वालधुनी नदीत सोडू नयेत, कारण तेथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

पुराचे पाणी आणि उंदीर

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याण भागातील वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. पुरात उंदीर-घुशींची बिळे बुडतात, ते घरांकडे धावतात आणि त्यांचे मूत्र पाण्यात मिसळते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. पायाला जखम असताना अशा पाण्यात जाऊ नये. जावेच लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ते पाण्याचे आवर्जून सांगावे. वेळीच औषध मिळाले तर हा रोग बरा होतो.

उंदरांचा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच करावा. घरातील लहान उंदीर पेन्सिलीच्या जाडीच्या भोकातूनही आत शिरतो. असे भोक तारेची जाळी कोंबून सिमेंटने बंद करा. नुसते कापड किंवा लाकूड तो सहज कुरतडतो. आणि ओल्या कचऱ्याला झाकण असू द्या.

करून पाहा

रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तिच्या आतल्या कडेला चार-पाच सेंटिमीटर रुंद तुपाचा पट्टा लावा, म्हणजे आत गेलेल्या झुरळाला वर चढता येणार नाही. बाहेरून कागद गुंडाळा आणि आत पावाचा तुकडा टाका. ही बरणी सात रात्री मोरीजवळ एकाच जागी ठेवून रोज सकाळी झुरळे मोजा. मोजलेली झुरळे साबणाच्या पाण्यात बुडवा आणि हात धुवा. सात दिवसांची सरासरी काढून वहीत लिहा.

आता एका चाळीत किंवा बराकीत एकाच घराने वर सांगितलेले उपाय करावेत. दुसऱ्या चाळीत सर्व घरांनी मिळून ते करावेत. सहा आठवड्यांनी, म्हणजे जुन्या डब्यांतील बहुतेक पिले बाहेर पडून गेल्यावर, त्याच जागी, तेच खाद्य ठेवून पुन्हा सात रात्री मोजणी करा. शिक्षकांनी दोन्ही ठिकाणचे आकडे फळ्यावर मांडून आलेख काढून घ्यावेत. कोणत्या चाळीत झुरळे अधिक घटली? एकट्या घराचा आकडा पुन्हा वर गेला का? गेला असेल तर का, याचे उत्तर शोधताना भिंतीच्या पलीकडेही एकदा डोकावून पाहा.