ताटाची डावी बाजू

आमटी बिघडली तर सगळे एका सुरात बोलतात. जमली की मतं फुटतात. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी मी मेस चालवते. गोडा मसाला, चिंच आणि गुळाचा खडा घातलेली माझी आमटी लातूरच्या मुलाला गोडमिट्ट लागते. "काकू, हे वरण आहे की पन्हं?" असं तो तोंडावर विचारतो. जळगावच्याला ती सपक वाटते. रत्नागिरीची मुलगी तीच आमटी खाताना नाक पुसत असते आणि नाशिकची दुसऱ्यांदा वाढून घेते. पातेलं एकच, वाढणारी मीच.

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्याचा उपयोग मला मेसमध्येच जास्त झाला. ही मुलं नखरे करतात असं मी म्हणत नाही, कारण चौघंही खरं बोलत असतात.

आमच्या वेळी पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा: शेंड्याला गोड, मागे कडू, कडेला आंबट आणि खारट. तो चुकीचा आहे. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता मोजली होती आणि त्याला सापडलेले फरक किरकोळ होते. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात ते आलेखातून आले आणि पुढे लोकांनी त्यांच्या हद्दीच आखल्या. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. जिभेवर जिथे जिथे चवीच्या कळ्या आहेत, तिथे सगळ्या चवी कळतात. खात्री करायची असेल तर मिठाचा कण जिभेच्या शेंड्यावर ठेवून पाहा.

त्या नकाशात पाचवी चव नव्हतीच. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. पिकलेल्या टोमॅटोचं सार, सुकटीची चटणी किंवा मंद आचेवर शिजलेला मटणाचा रस्सा खाताना तोंड भरून येतं, ते बरंचसं याच चवीमुळे.

आता जळगावचा मुलगा आणि रत्नागिरीची मुलगी. दोघांचं भांडण तिखटावरून आहे आणि तिखट ही जिभेच्या हिशेबात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन चवीच्या कळ्यांकडे जात नाही. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेची वर्दी देणारा एक ग्राहक (रिसेप्टर) वेदनेच्या मज्जातंतूंवर असतो, त्याला ते जाऊन चिकटतं. मेंदूला निरोप जातो की तोंड भाजलं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. लहानपणापासून हिरव्या मिरचीचं भरीत आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी खाल्लेल्या माणसाचे हे मज्जातंतू सरावाने मंदावतात. त्याला माझ्या आमटीचं तिखट जाणवतच नाही, त्यात बढाई नसते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून रत्नागिरीच्या मुलीसमोर मी पाण्याचा तांब्या ठेवत नाही, ताक ठेवते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. आणि मिरची कमी तिखट करायची तर नुसत्या बिया झटकून भागत नाही. खरा जाळ ज्या पांढऱ्या शिरांना बिया चिकटलेल्या असतात, त्यांच्यात असतो.

लातूरच्या मुलाची गुळाबद्दलची तक्रार कदाचित त्याच्या जन्माआधीची असेल. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बायकांना गरोदरपणात, काहींना अंगावर पाजत असताना नियमित गाजराचा रस दिला होता. त्यांची बाळं पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा खुशीने खायची. आईच्या जेवणाचे गंध गर्भजलात आणि दुधात उतरतात. घरची चव म्हणतो ती पहिल्या घासाच्या आधीच बसायला लागते.

खारट, आंबट, गोड आणि तिखट वगळता आमटीची ओळख मुख्यतः नाकात होते. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो आणि आपण त्यालाच जिभेवरची चव समजतो. नाक घट्ट दाबून वेलची घातलेलं श्रीखंड खा. गोड आणि आंबट कळेल, वेलची गायब. बोट सोडताच ती हजर होते. जिभेला पाच चवी, पण माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात.

हे नाक रुसलं की काय होतं ते कोविडनंतर आमच्या मेसमध्ये दिसलं. लोक म्हणायचे चव गेली, पण बहुतेकांचा मुख्यतः वास गेलेला असायचा. हा विषाणू गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. एका मुलीचा वास परत आला, पण वाकडा आला. लसणाच्या फोडणीला तिला सडका वास यायचा, भाजलेल्या कांद्याला जळक्या रबराचा. ती ताट पुढे ओढायची आणि तशीच बसून राहायची. गरम पदार्थातून वास जास्त उडतो, म्हणून तिला मी गार द्यायला लागले: बिनफोडणीचा दहीभात, काकडी, गार केलेली मुगाची खिचडी, मोसंबी. ते तिच्या पोटात जायचं. डॉक्टरांनी तिला गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं होतं. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये याच चार गंधांचा सराव मांडला होता. लवंगा आणि लिंबं माझ्याच स्वयंपाकघरातून जायची. फोडणी तिला सोसायला लागली, पण फार सावकाश.

काही फरक तर जन्माचेच. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना काहीच नाही. पुढे त्यामागचं जनुक सापडलं. कोबी-नवलकोलच्या कुळातल्या भाज्यांतला कडवटपणा कोणाला किती लागतो, यात त्याचा हात असतो. कोबी बाजूला सारणाऱ्या प्रत्येकाला मी लाडावलेला म्हणत नाही, ते यामुळेच.

तापमानही खोड्या काढतं. गोडाचा निरोप पुढे पाठवणारी जिभेतली यंत्रणा थंडीत सुस्तावते, म्हणून फ्रीजमधून काढलेलं श्रीखंड कालवताना लागलं होतं त्यापेक्षा कमी गोड लागतं. साखरेचं प्रमाण ठरवताना मी वाटीभर श्रीखंड आधी गार करून चाखते.

एवढ्या जिभांना आणि नाकांना पुरेल अशी एक आमटी करणं अशक्य आहे, आणि आपल्या पंगतीने तसा हट्ट कधी धरलेला नाही. उजवीकडे आमटी-भाजी सगळ्यांना एकच. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड. तिथे ज्याचा तो मालक. मीठ नुसतं खारटपणा आणत नाही, ते कडूपणा दाबतं. लिंबाने गूळ मागे सरतो. पापडाचं काम कानाशी असतं. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये दाखवलं, की वेफर्स चावताना येणारा आवाज हेडफोनमधून चढवून ऐकवला तर तेच वेफर्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटतात.

म्हणून मी आमटीत मीठ आणि तिखट बेताचंच घालते. कमी असेल तर ताटात वाढवता येतं, जास्त झालेलं काढून घेता येत नाही. मेन्यू बदला म्हणणाऱ्यांना मी आधी डावी बाजू बदलून देते: एका आठवड्यात ठेचा, पुढच्या आठवड्यात जवसाची चटणी, मग ओल्या खोबऱ्याची. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात, आणि मेसच्या हिशेबात दुसरी भाजी करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.